न ओळखलेला खाऊ

"मॅडम, आईच्या बाटलीतलं उरलेलं अर्धं इंजेक्शन तुम्ही कुणाला विकता?"

पूर्णिमाने हे विचारलं तेव्हा दवाखान्याच्या बिलाच्या खिडकीपुढे चांगली रांग होती. पुढच्या काकांनी मोबाइल कानावरून खाली घेतला. मागे खांबाआड उभी असलेली मनीषा तोंडात ओढणी कोंबून हसू दाबत होती, कारण पैज तिनेच लावली होती. डबा खायच्या सुट्टीत पूर्णिमाने मैत्रिणींना आईचं बिल दाखवलं होतं. त्यात औषधाच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती, अर्धं वाया गेलं अशी. मनीषा म्हणाली, वाया कशाला जातंय, बेचते होंगे. पूर्णिमा म्हणाली, तसं नसतं. मनीषा म्हणाली, मग जाऊन विचार, पूछ के दिखा, रविवारची मावा जलेबी माझ्याकडून.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट असती तर पूर्णिमा खिडकीपर्यंतसुद्धा गेली नसती. वर्गात हजेरी द्यायची तीही बसल्या बसल्या, जेमतेम पुढच्या बाकाला ऐकू जाईल इतकी. पण यंदा पंधरा ऑगस्टला भाषण करणारा मुलगा तापाने पडला, सरांनी हिला ऐनवेळी उभं केलं, आणि माईकमधून स्वतःचा आवाज मैदानभर फिरून परत आलेला ऐकल्यावर अकरावी कॉमर्सची पूर्णिमा वेगळीच मुलगी झाली. त्या दिवशी हिने माईक गिळला, तो अजून बाहेर आलेला नाही, असं पप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

खिडकीतल्या मालतीमॅडम रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी चष्मा वर सरकवला, रांगेला थांबायला सांगितलं आणि बाजूचं दार उघडून तिला आत घेतलं. मनीषा खांबामागून गुल झाली.

आत बसवून मालतीमॅडमनी तिच्या हातातलं बिल घेतलं आणि पेनाचं टोक एकेका ओळीवर ठेवत गेल्या. आजाराला एक कोड. सलाईनमधून औषध सोडायला दुसरा. औषधाला तिसरा, आणि त्याच्यापुढे किती दिलं ते मिलीग्रॅममध्ये. इन्शुरन्सवाल्यांना बाटली कळत नाही, मिलीग्रॅम कळतात. जेवढं अंगात गेलं तेवढं एका ओळीत, आणि जे गेलं नाही तेही लिहावं लागतं, खालच्या ओळीत. ते विकता येत नाही, ठेवताही येत नाही. बाटली फोडली की त्याच दिवशी संपवायची. उरलं तर पिवळ्या पिशवीत टाकायचं, टाकताना दोघांनी बघायचं आणि सही करायची.

"सही करताना किती जिवावर येतं ते मला विचार," त्या म्हणाल्या. "इतकं महागाचं औषध. म्हणून तर डॉक्टरांनी जोडी लावली होती ना. अर्धी बाटली तुझ्या आईला, अर्धी खकनारच्या चंद्रभागाबाईंना. एकाच गुरुवारी, शेजारी शेजारी. आता त्या दोनदा आल्या नाहीत. मग अर्धी वाया, दुसरं काय?"

हे पूर्णिमाला माहीत होतं. म्हणजे चंद्रभागा मावशी येत नाही हे माहीत होतं, का येत नाही ते नव्हतं. तिने तेही विचारून टाकलं. माईक गिळलेलाच होता.

मालतीमॅडम जरा अडखळल्या. दुसऱ्या पेशंटचं सांगायचं नसतं, म्हणाल्या. मग उगाच दोन कागद इकडचे तिकडे करून सांगितलंच. बाटली एक आणि पेशंट दोन, त्यामुळे बाटलीवरचं स्टिकर सविताच्या, म्हणजे पूर्णिमाच्या आईच्या फाईलला लावायचं आणि रिकाम्या खोक्यावरचा नंबरवाला भाग कापून चंद्रभागाबाईंच्या फाईलला, असं ठरलं होतं. सुरुवातीला खोक्याची झेरॉक्स चालून गेली. मग इन्शुरन्सवाल्यांनी हरकत काढली, की एकाच नंबरची बाटली दोन माणसांच्या नावावर कशी. मूळ खोकी दाखवा. आणि खोकी तर नव्हती.

"कुठे गेली?"

"तेच त्यांना विचारलं. सिस्टर म्हणाली, बाईच मागून नेतात. बाई म्हणाल्या, हरवली. एवढंच. मान खाली घालून गेल्या, त्या गेल्याच. फोन मुलाच्या नावावर, मुलगा सुरतेला, तो लागत नाही. हरकतीला उत्तर द्यायची मुदत परवा गुरुवारपर्यंत. त्याच दिवशी इंदूरहून डॉक्टरही येणार. खोकी आणि त्यांची सही मिळाली तर मी त्याच दिवशी मंजुरी आणायला बघेन. नाहीतर फाईल बंद."

पूर्णिमा बिल उचलून उठली. खोकी कुठे आहेत ते तिला माहीत होतं. एकात तिच्या हेअरपिना होत्या.

राजपुऱ्यातल्या घरी जाईपर्यंत तिने सायकल अशी काही हाणली की शहराच्या जुन्या दरवाज्याजवळच्या उतारावर एका केळीच्या गाडीवाल्याने तिला शिव्या घातल्या. त्या तिने ऐकल्याही नाहीत.

आईला गळ्याचा कॅन्सर निघाला त्याला दीड वर्ष झालं होतं. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, आणि आवाज गेला. अगदी गेला नाही, पण उरला तो असा की एक वाक्य बोलायला आई दोन वाक्यांची ताकद लावायची. म्हणून बोलायचीच नाही. त्याआधी गुलाबाईच्या दिवसांत गल्लीतल्या पोरी गाण्यांसाठी हिच्याच ओट्यावर जमत. एकीला चाल आठवत नसली की हिने उचलून धरायची. आता भादव्याची पुनव होऊन गुलाबाई बसली की आई संध्याकाळी खिडकी लावून घ्यायची.

मग इंदूरचे डॉक्टर हे इंजेक्शन द्यायला लागले. हे आजाराला मारत नाही, अंगातलेच शिपाई झोपलेत त्यांना उठवतं, असं त्यांनी समजावलं होतं. आणि पहिल्याच गुरुवारी शेजारच्या खुर्चीत चंद्रभागा मावशी येऊन बसली. जबड्याचं ऑपरेशन झालेली, एक गाल आत गेलेली, हिरव्या लुगड्यातली, आणि बोलण्याला खंड नसलेली. दोघींच्या सलाईनला एकाच बाटलीतलं औषध मिसळतायत हे पाहून ती म्हणाली होती, "घे व माय, एका ताटात जेवू राहिलो आपण. आता तू माही बहीण झाली. तुले विचारलं नाही, नुसतं सांगितलं."

आई हसली होती. पूर्णिमा तेव्हा पायाशी बसून गणितं सोडवत होती, तिने वर बघितलं. ते हसू म्हणजे सायकलच्या घंटीत पाणी गेल्यासारखं, खर्रकन आलेलं. पण हसू होतं. ऑपरेशननंतर घरात ते कोणी ऐकलं नव्हतं. त्यानंतर पूर्णिमा गुरुवारची वाट पाहू लागली, आणि शाळेला दांडी मारायला कारण लागलं तर पोटदुखी तयार ठेवू लागली.

आई पूर्वी गुलाबाईची गाणी म्हणायची हे मावशीने दुसऱ्याच वेळी काढून घेतलं. गळा गेला तर गेला, म्हणाली. गुलाबाईत नुसती गाणी असतात का? गाणी संपल्यावर खाऊ असतो. झाकलेला डबा वाजवायचा आणि आत काय ते ओळखायचं, ओळखल्याशिवाय उघडायचा नाही. त्याला गळा कशाला पाहिजे? गुलाबाई यायला अजून अवकाश होता, तर हिने आपली गुलाबाई जेठातच बसवली. सिस्टरकडून रिकामं खोकं मागून घ्यायची, मुठीत मावेल एवढं, पांढरं आणि जांभळ्या पट्टीचं. पुढच्या वेळी त्यात घरचा खाऊ घालून, चिकटपट्टी लावून आणायची. सलाईन चालू असताना आई ते कानाशी धरून वाजवायची आणि पाटीवर लिहायची. फुटाणे. नाही. खारे दाणे. नाही व, डोकं लाव. गुळाचे खडे, जोंधळ्याच्या लाह्या, एकदा तर केळ्याचे वाळवलेले काप, जे वाजलेच नाहीत म्हणून आईने खोकं रिकामं आहे असं लिहिलं आणि मावशीने अख्ख्या खोलीत तिची फजिती सांगितली. ओळखलं की खाऊ खोक्यासकट आईचा. आईला गिळायला त्रास होतो म्हणून तो यायचा पूर्णिमाच्या पोटात, आणि खोकं तिच्या टेबलावर. आता तिथे सगळी रांगेने उभी होती. पिना, खोडरबर, सेफ्टीपिना, एकात पंधरा ऑगस्टचा बिल्ला.

शेवटचं तेवढं तिथे नव्हतं. ते आईच्या उशाशी होतं, चिकटपट्टीसकट.

कारण ते आईला ओळखू आलं नव्हतं. शेवटच्या वेळी सलाईन संपेपर्यंत तिने प्रयत्न केला. आत जे होतं ते धड खुळखुळतही नव्हतं आणि धड गप्पही बसत नव्हतं. मावशीने घरी न्यायची परवानगी दिली, पण उघडायचं नाही अशी शप्पथ घालून. पुढच्या वेळी माझ्यासमोर ओळख, म्हणाली. पुढच्या वेळी ती आली नाही. आईने शेजारच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली, कोणी बसू नये म्हणून. त्याच्या पुढच्या वेळीही ठेवली. कोणी विचारलं तर हाताने सांगायची, येतेय. घरी रोज दुपारी खोकं कानाशी. पूर्णिमाने एकदा त्या चिकटपट्टीखाली नख घातलं होतं, तर आईने असं बघितलं की तिने नख परत काढलं.

आज पूर्णिमाने टेबलावरची सगळी खोकी ओंजळीत आणली आणि आईच्या पुढ्यात ओतली. पिना पलंगभर झाल्या. मग धापा टाकत तिने सगळं सांगितलं. कोड, मिलीग्रॅम, पिवळी पिशवी, स्टिकर, खोकी, हरवली म्हणालेली मावशी. आई ऐकता ऐकता एकेक खोकं हातात घेऊन उलटं करून बघत होती. कडेला बारीक अक्षरांत नंबर होता. इतके महिने ती टेबलावर होती आणि तो नंबर कोणी वाचला नव्हता.

"पण ती हरवली का म्हणाली?" पूर्णिमा म्हणाली. "साधा निरोप पाठवायचा ना, सविता, खोकी दे म्हणून. मी सायकलवर नेऊन दिली असती."

आईने पाटी घेतली नाही. बोलली. "दिलेला खाऊ परत मागतं का कोणी?"

एवढं बोलून ती खोकला येईल म्हणून थांबली. मावशी मान खाली घालून उभी असलेली पूर्णिमाला दिसली, बोलण्याला खंड नसलेली मावशी, एका शब्दावर थांबलेली. बहिणीच्या दारात आपल्या खाऊचं खोकं मागायला जाण्यापेक्षा तिने सुई सोडली होती.

संध्याकाळी पप्पा मिलमधून आले. पप्पा म्हणजे संतोषभाऊ, माणूस मुळात शांत, आणि आईच्या आजारपणानंतर तर प्रत्येक गोष्ट उद्यावर ढकलून मग ती आपोआप सुटतेय का ते बघणारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला, मग मिलमधल्या कडूला फोन लावला, कारण कडूची सासुरवाडी खकनारची. कडूला माहिती होती. बाई घरीच आहे, म्हणाला, शेतातल्या घरात, सुनेपाशी. बोलणं एकदम कमी झालंय. सुनेने विचारलं तर म्हणाली, सुई आता पुरे. निरोप द्यायचा का? देतो की. पण ती निरोपाने हलणारी नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

फोन ठेवल्यावर पप्पा म्हणाले, कडूचा निरोप जाऊ दे, मग बघू. गुरुवारी मला आईबरोबर बसायचंय, माझी रजा त्यातच गेली. रविवारी वेळ काढून आपण सगळेच जाऊ.

"रविवारी मुदत संपलेली असेल."

"मग मॅडमना सांगू, थोडी वाढवून द्या."

"पप्पा, मुदत मॅडमची नाहीये."

बाहेर गल्लीत पोरींनी गुलाबाई मांडली होती, कोणीतरी पहिल्या ओळीलाच चाल चुकली आणि सगळ्या हसत थांबल्या. एरवी आईने उठून खिडकी लावली असती. आज ती उठली, खिडकीपाशी गेली आणि गजाला धरून नुसती उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण चाल बरोबर होती, हे पूर्णिमाला पाठमोऱ्या मानेवरून कळलं. तिला अचानक ते पाणी गेलेल्या घंटीसारखं हसू फार हवंसं वाटलं. आई बरी व्हावी हे तर ती रोजच मागायची, सवयीने, झोपताना. हे वेगळं होतं. तिला शेजारच्या खुर्चीवरून ती पिशवी उचललेली बघायची होती.

आई वळली, पलंगाशी आली. उशाजवळचं बंद खोकं तिने उचललं, सवयीने एकदा कानाशी नेलं, आणि पूर्णिमाच्या पुढे धरलं. तिचा अंगठा चिकटपट्टीच्या टोकावर होता.

"फोड," आई म्हणाली. "नंबर पाहिजे ना."

पप्पांनीही मान डोलावली. पूर्णिमाने खोकं घेतलं. आत ते जे काही होतं ते एका बाजूने दुसऱ्या बाजूला हळूच सरकलं. तिने पट्टीवर नख ठेवलं. आईने तोंड खिडकीकडे फिरवलं होतं.

पूर्णिमाने नख काढलं. खोकं उचलून तिने आईच्या दवाखान्याच्या पिशवीत, शालीच्या घडीत ठेवलं, रिकामी खोकी एका रुमालात बांधून आपल्या शाळेच्या दप्तरात कोंबली, आणि दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली, पंधरा ऑगस्टला उभी राहिली होती तशी, हात मागे बांधून.

"पप्पा, आई, मी गुरुवारी शाळेत जाणार नाहीये. सकाळच्या पहिल्या बसने खकनारला जाणार आहे, एकटी. पप्पा, तुम्ही नाही म्हणायच्या आधी ऐका. तुम्ही आईजवळ लागणार, कडूकाकांच्या निरोपाने मावशी हलणार नाही, उरले मी. रिकामी खोकी तिच्यासमोर ओतणार आणि सांगणार की तू मागितली नाहीस, आम्हीच आणलीत. मग तिला घेऊन दुपारच्या आत दवाखान्यात येते. भरलेलं खोकं मी नेत नाही. आई, तू खुर्चीवर पिशवी ठेव, नेहमीसारखी, आणि मावशी आल्यावर उचल. आधी तिच्यासमोर खाऊ ओळख. मग फोडू, आणि मग मी ते मालतीमॅडमच्या खिडकीत नेऊन देईन."